तीन हिवाळे आणि दोनशे सुया : ब्रदर केएच-८६० निटिंग मशीनविषयी

ब्रदरचे केएच-८६० हे पंचकार्डाचे, म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डावरून नक्षी विणणारे, निटिंग मशीन माझ्याकडे येऊन आता तीन हिवाळे झाले. या काळात त्यावर चौदा स्वेटर, पाच मफलर आणि नातवाच्या तीन कानटोप्या विणून झाल्या. उसवून पुन्हा विणले त्याची मोजदाद वेगळी. एवढ्या वापरानंतर त्याच्याविषयी लिहायला हरकत नाही असे वाटते. मशीनवर विणते असे सांगितले की आमच्या ग्वाल्हेरात लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, स्वेटर किती दिवसांत होतो. आणि दुसरा, मग तुमच्या हाताचे त्यात काय राहिले. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसरा प्रश्न मला अनेक दिवस पुरला, आणि मशीन घ्यावे की घेऊ नये याचा निर्णयही त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे असे माझे मत झाले आहे.

आधी वस्तूची ओळख. केएच-८६० हे १९८०च्या दशकातले, जपानी बनावटीचे, एका बेडचे (सुया बसवलेल्या एकाच पाटीचे) घरगुती मशीन आहे. त्यावर २०० सुया असून दोन सुयांमधले अंतर ४.५ मिलिमीटर आहे, म्हणजे सुयांची रांग भरते ९० सेंटिमीटर. या मापाला 'स्टँडर्ड गेज' म्हणतात आणि ते बारीक व मध्यम लोकरीसाठी असते. जाड लोकरीची मशीन निराळी असतात: सिल्व्हर रीडच्या एलके-१५० या हलक्या मशीनवर ६.५ मिलिमीटर अंतराने १५० सुया आहेत, तर त्याच कंपनीच्या एसके-१५५ वर ९ मिलिमीटर अंतराने ११०. ब्रदरने घरगुती निटिंग मशीनचे उत्पादन १९९०च्या दशकाच्या अखेरीस थांबवले, त्यामुळे केएच-८६० घ्यायचे म्हणजे कुणाचे तरी वापरलेलेच घ्यायचे. त्याला वीज लागत नाही. नक्षी वाचण्याचे कामही कार्डाची छिद्रे आणि आतले लोखंड मिळून करतात, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे हे यंत्र आजही घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येते.

त्याचे मर्म एका सुईत आहे. सुईच्या टोकाला आकडा असतो आणि आकड्यामागे बिजागरीसारखी उघडझाप करणारी एक चिमुकली जीभ असते. तिला लॅच म्हणतात. कॅरेज, म्हणजे सुयांवरून हाताने इकडून तिकडे सरकवायचा भाग, सुईला पुढे ढकलते तेव्हा जुना टाका लॅचच्या मागे सरकतो, उघड्या आकड्यात नवा धागा पडतो, आणि सुई मागे येताना जुना टाका लॅचला मिटवून तिच्यावरून निसटतो. नवा धागा आतून खेचला जातो आणि टाका तयार होतो. हातविणीच्या सलाईवर (लांब सुईवर) उजवा हात जे करतो, तेच. विल्यम ली याने १५८९ साली इंग्लंडमधल्या कॅल्व्हर्टन गावी मोजे विणण्याचे पहिले यंत्र केले, पण त्या यंत्राच्या सुईला जीभ नव्हती, नुसता वळवलेला लवचीक आकडा होता आणि तो दर ओळीला वेगळ्या पट्टीने दाबून मिटवावा लागे. जिभेची सुई आली ती १८४०च्या दशकात, लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडमुळे. ती आपली आपण मिटत असल्यामुळेच घरातल्या टेबलावर मावेल इतके सुटसुटीत मशीन होऊ शकले.

माझे मशीन मी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून घेतले. मशीन उत्तम चालू स्थितीत असल्याचे त्यांनी फोनवर तीनदा सांगितले होते. पार्सल आले तेव्हा पेटीचा एक कोपरा चेपलेला होता आणि डाव्या बाजूच्या सात सुया वाकलेल्या होत्या. त्याविषयी कळवले तेव्हा उत्तर आले नाही. तरीही टेबलाला क्लॅम्प लावून, शंभर टाके घालून मी कॅरेज फिरवली, तर मध्यावरचे पंधरा-वीस टाके दर ओळीला गळत होते. लोकर बदलली, धाग्याचे टेन्शन कमी-जास्त केले, कापडाला टांगलेली वजने वाढवली, काही फरक पडला नाही. चार दिवसांनी आमच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांनी चष्मा लावला, सुयांच्या रांगेवरून तर्जनी अलगद फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, या सुया डोलताहेत. यांच्या पाठीत जीवच नाही. आतली पट्टी काढ बघू."

ही पट्टी म्हणजे स्पंज बार. सुयांच्या रांगेवरून, बेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लोखंडाची एक चपटी पट्टी सरकवलेली असते आणि तिच्या खालच्या अंगाला स्पंज असतो. तो सुयांना वरून दाबून धरतो. स्पंज झिजण्यासाठीच असतो. काही वर्षांनी तो दबतो, मग कुरकुरीत होतो आणि शेवटी डांबरासारखा चिकट होतो. माझ्या मशीनची पट्टी ओढून काढली तेव्हा स्पंजाच्या जागी काळ्या गुळाच्या ढेपेतून खरवडल्यासारखा थर निघाला. आम्ही दोघींनी दोनशेच्या दोनशे सुया काढून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवल्या, सकाळी जुन्या मलमलीने एकेक पुसली आणि प्रत्येक लॅच उघडझाप करून पाहिली. पट्टी स्पिरिटने स्वच्छ केली. गाद्यांचा फोम विकणाऱ्या दुकानातून पाऊण बोट रुंद पट्टी कापून आणली, ती चिकटवली आणि सुया फोमला अडकू नयेत म्हणून वरून साटीनची फीत लावली. वाकलेल्या सुयांचे काय करायचे, हेही काकूंनीच सांगितले: रांगेच्या दोन्ही टोकांच्या सुया क्वचितच वापरात येतात, तेव्हा तिथल्या चांगल्या सुया मध्ये आणायच्या आणि वाकड्या टोकाला टाकायच्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कॅरेज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एकही टाका न गाळता गेली. तो आवाज अजून कानात आहे. आधी खडखड होती, आता एकसारखी सर्र होती.

आता लोकर. ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर या भागातल्या बाजारात हातविणीचे गुंडे भरपूर मिळतात, पण ही लोकर ४.५ मिलिमीटरच्या सुयांना बहुधा जाड पडते. ती एकाआड एक सुईवर विणता येते, पण मग दोनशे सुयांचे शंभरच टाके होतात. शिवाय गुंडा उड्या मारतो, धागा एकसारखा सुटत नाही आणि काठाचे टाके आवळतात. मशीनला कोनवरचा (शंकूसारख्या रिळावर गुंडाळलेला) धागा हवा आणि त्यासाठी लुधियानाकडेच वळावे लागते. मी २/३२ क्रमांकाचा ॲक्रिलिक धागा मागवते. हा क्रमांक समजून घेण्यासारखा आहे: एकेरी धागा एका किलोला ३२ किलोमीटर भरतो, तो दुहेरी पिळलेला आहे, म्हणून प्रत्यक्षात किलोला १६ किलोमीटर. असे चार धागे एकत्र घेतले की १०० ग्रॅमला ४०० मीटर पडतात, आणि साध्या विणीसाठी या मशीनला ते अगदी बरोबर बसतात. दोन रंगांची नक्षी असेल तर मी तीनच धागे घेते, कारण मागे सुटणाऱ्या धाग्यांमुळे कापड आपोआप जाड होते. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीतली हवा कोरडी असते, त्यामुळे ॲक्रिलिकचे धागे एकमेकांना चिकटतात आणि मास्टमध्ये (धागा वरून कॅरेजपर्यंत आणणाऱ्या उभ्या दांडीत) ताठरतात. धाग्याच्या वाटेत मेणाची चकती ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

पहिल्या वर्षी मी नमुना विणण्याचा कंटाळा केला आणि जावयांचा स्वेटर दोन बोटे अरुंद झाला. तेव्हापासून स्वेटर कोणताही असो, आधी ४० टाक्यांचा आणि ६० ओळींचा तुकडा विणते, कडेला थोडे टाके जास्तीचे ठेवून. तो काढल्याबरोबर मोजायचा नसतो. मशीनवर वजनांनी ओढलेले कापड लांबुडके दिसते; ते धुऊन, वाळवून, रात्रभर पडू दिले की मग खऱ्या मापावर येते. माझे ४० टाके १४.३ सेंटिमीटर भरले, म्हणजे दहा सेंटिमीटरला २८. दोनशे सुयांवर अशा लोकरीचे कापड साधारण ७१ सेंटिमीटर रुंद निघते, त्यामुळे मोठ्या अंगाच्या माणसाचीही पाठ एका तुकड्यात होते. हा हिशेब हाती आला की गळ्याचा उतार, मुंढ्याचे टाके, बाहीची वाढ हे सगळे कागदावर आधी मांडता येते, आणि मशीनवर बसल्यावर विचार करायचा राहत नाही. पाठीचा तुकडा मी एका दुपारी विणते. पुढचे दोन भाग आणि बाह्या दोन दिवसांत होतात. शिलाई, गळपट्टी आणि टोके लपवणे यांत मात्र पुढचे तीन दिवस जातात. म्हणजे 'किती दिवसांत' या प्रश्नाचे उत्तर आठवडाभर असे आहे, आणि त्यातला कॅरेज फिरवण्याचा वेळ सर्वांत थोडा आहे.

या मशीनचा खरा आनंद पंचकार्डात आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. कार्डावर आडवी २४ घरे असतात. नक्षी त्या २४ टाक्यांत बसली पाहिजे आणि तीच रांगभर पुन्हा पुन्हा उमटते. म्हणून २४ ला भाग जाणारी मापे, म्हणजे ४, ६, ८, १२, सोयीची. दोन रंगांच्या विणीत जिथे छिद्र आहे तिथे दुसरा रंग, जिथे नाही तिथे मूळ रंग विणला जातो. ब्रदरच्या मशीनची मला सर्वांत भावलेली गोष्ट ही की कॅरेज एक ओळ विणता विणताच पुढच्या ओळीच्या सुया निवडून ठेवते. कॅरेज थांबली की काही सुया दोन पावले पुढे आणि बाकीच्या मागे अशा उभ्या असतात, आणि येणारी ओळ लोकर लागण्याआधीच बेडवर वाचता येते. एखादी सुई चुकीची उभी असेल तर बोटाने मागे सारता येते. कापडाची सुलट बाजू मात्र विणणाऱ्याकडे नसते. समोर दिसतात ते उलट टाके आणि आडवे सुटे धागे. नक्षी पाहायची तर वाकून बेडच्या खालून पाहावी लागते.

मला चंदेरीची अशर्फी बुट्टी विणायची होती. चंदेरी पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातच होती, आमच्या घरातल्या जुन्या साड्यांवर ही नाण्याची बुट्टी आहे, आणि तीच स्वेटरवर यावी अशी फार इच्छा होती. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत मी आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच असे गोल नाणे काढले, कार्डाला छिद्रे पाडली आणि विणले, तर नाणे चेपलेले निघाले. कारण साधे होते. वहीतले घर चौकोनी असते, टाका चौकोनी नसतो. माझ्या दोन रंगांच्या विणीत दहा सेंटिमीटरला २८ टाके आणि ३६ ओळी येत होत्या, म्हणजे आठ टाक्यांची रुंदी २.९ सेंटिमीटर आणि आठ ओळींची उंची फक्त २.२. दहा ओळी घेतल्या तेव्हा नाणे गोल झाले.

पण तेवढ्याने भागले नाही. बुट्ट्यांच्या दोन रांगांमध्ये मी नुसत्या मूळ रंगाच्या चार ओळी सोडल्या होत्या. कार्डावर त्या ओळींत एकही छिद्र नसल्यामुळे दुसरा रंग कुठल्याच सुईने उचलला नाही आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ लोंबत राहिला. काकूंनी तो तुकडा हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाल्या, "रांगा अशा रिकाम्या सोडू नयेत. विटा रचतात तशा बुट्ट्या बसव. एकीची संपली की तिथूनच दुसरीची सुरू." तसे केले. बारा टाक्यांत एक बुट्टी, दहा ओळींनंतर सहा टाके सरकवून दुसरी. अशी वीस ओळींची नक्षी झाली, आणि कार्डाला गोल फिरण्याइतकी लांबी हवी म्हणून ती दोनदा, म्हणजे चाळीस ओळी पाडल्या. आता मागच्या धाग्यांचा प्रश्न उरला. नाण्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत सोनेरी रंगाचे चारच टाके होते, तेव्हा दोन नाण्यांमध्ये धागा आठ टाके सुटा राहत होता, आणि एवढ्या लांब धाग्यात मुलांची बोटे अडकतात. म्हणून त्या दोन ओळींत मधोमध दोन टाक्यांचा ठिपका घातला, आणि नाण्याच्या पोटात मधल्या सहा ओळींमध्ये दोन टाक्यांची पोकळी ठेवली. आता सहा टाक्यांहून लांब धागा कुठेच सुटत नाही. गंमत अशी की तो ठिपका नेमका शेजारच्या रांगेतल्या नाण्याच्या डोक्यावर आणि पायाशी आला आणि नाण्याला कडी लावल्यासारखा दिसू लागला. विणलेला भाग सुयांवरून काढून सुलट बाजू वर केली, तेव्हा काकू म्हणाल्या, "ही तर पुतळ्यांची माळ झाली!" तो स्वेटर माझ्या सुनेकडे आहे.

कार्ड पाडणाऱ्या नव्या माणसासाठी एक सूचना इथेच देते. कार्ड मशीनमध्ये जिथून आत जाते त्या फटीपाशी जी ओळ दिसते ती मशीन वाचत असलेली ओळ नसते; ब्रदरच्या मशीनमध्ये वाचणारी जागा तिच्यापेक्षा सात ओळी खाली, आत असते. कार्डावर छापलेले क्रमांक हा फरक धरूनच दिलेले असतात, पण कोऱ्या कार्डावर आपण स्वतः मोजत असू तर हे लक्षात ठेवावे, नाहीतर नक्षी अर्ध्या बुट्टीपासून सुरू होते.

टक (टाका न विणता धागा सुईवर साठवणे), स्लिप (सुई वगळून धागा पुढे नेणे) आणि जाळी यांबद्दल थोडक्यात. टकची वीण मधाच्या पोळ्यासारखी उठावदार येते आणि लोकर जास्त खाते. जाळीसाठी ब्रदरची वेगळी लेस कॅरेज असते. ती स्वतः विणत नाही, टाके एका सुईवरून शेजारच्या सुईवर नेऊन ठेवते, आणि मग मुख्य कॅरेजने दोन ओळी विणायच्या. सुती धाग्याची जाळी सुंदर येते. मी एकच शाल केली आहे, तेव्हा याहून अधिक सांगण्याचा मला अधिकार नाही.

मशीनची मोठी उणीव बॉर्डरची आहे. एकच बेड असल्यामुळे त्यावर फक्त साधी सुलट वीण होते; एक उलट एक सुलट अशी ताणणारी बॉर्डर हवी असेल तर समोर दुसरा बेड, म्हणजे केआर-८५० हा रिबर, जोडावा लागतो. तो मिळणे कठीण आणि महागही. त्याशिवाय दोन मार्ग आहेत. पहिला खोट्या बॉर्डरचा: दर तिसरी सुई रिकामी ठेवून दुप्पट लांबीची पट्टी विणायची आणि दुमडून टाके एकत्र घ्यायचे. ही दिसायला नीटस असते, पण मनगटाला घट्ट बसत नाही. दुसरा मार्ग हाताचा आहे आणि मी तोच वापरते. विणून झालेल्या पट्टीत एकाआड एक टाका मुद्दाम सुईवरून सोडायचा, तो खालपर्यंत शिडीसारखा उसवू द्यायचा, आणि मग लॅच असलेल्या हातातल्या हत्याराने ती शिडी पायरी पायरीने उलट बाजूने पुन्हा वर विणत आणायची. वीस ओळींची बॉर्डर, दीडशे टाके, म्हणजे पंचाहत्तर शिड्या. पहिल्यांदा शिडी सोडताना छातीत धडधडते. सवय झाली की हात आपोआप चालतो, आणि अशा बॉर्डरचा ताण रिबरच्या बॉर्डरइतकाच उत्तम असतो.

'हातात काय राहिले' या प्रश्नाचे उत्तर मला या शिड्यांपाशी मिळाले. टाका घालण्याचे काम मशीन घेते. तो कुठे सोडायचा, कुठे वळवायचा, किती ताणायचा, हे सगळे हाताकडेच राहते. एवढेच नव्हे, सलाईवर ज्याचा हात बसलेला आहे त्याला गळलेला टाका लांबून दिसतो. आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत टाक्याला सर्रास 'फंदा' म्हणतात, आणि 'फंदा गिरा' हे काकू पाठमोऱ्या असतानाही नुसत्या कॅरेजच्या आवाजावरून सांगतात.

काकूंकडे दर शनिवारी दुपारी आम्ही जमतो, आणि या मशीनचा कोणताही परिचय त्या शनिवारांशिवाय पुरा होणार नाही. जुन्या वाड्याच्या ओटीवर, उन्हाच्या बाजूला, दोन मशीन कायमची मांडलेली असतात. बाकीच्या आपले विणलेले तुकडे, कार्डे आणि अडचणी घेऊन येतात. काकूंनी बरीच वर्षे लुधियानाच्या दोन बेडांच्या हातमशीनवर शाळांचे स्वेटर विणले. निळ्या आणि मरून रंगाचे किती विणले याची त्यांनी कधी मोजदाद ठेवली नाही. एक पंजाबी भाभी आहेत, गळ्याची कापणी त्यांच्यासारखी कुणालाच जमत नाही. बिर्लानगरच्या गिरणीत पूर्वी फिटर असलेले एक काका आहेत. ते विणत नाहीत, पण वाकलेली सुई सरळ करणे, कॅरेजचे ब्रश बदलणे, शिसे ओतून वजने करणे ही कामे आपणहून करतात. पंचकार्ड पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांनी ते उन्हाकडे धरून छिद्रांतून पाहिले आणि म्हणाले, "हे आपल्या जॅकार्डचंच कूळ आहे." ते खरेच आहे. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली माग कार्डांवर चालवून दाखवला, आणि आमच्या ओटीवरची कार्डे त्याच युक्तीने चालतात. अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी गेल्या वर्षीपासून येते. तिला केएच-९१० हे विजेवर चालणारे मशीन हवे आहे, कारण त्यातली जुनी पाटी काढून आर्डुइनो या छोट्या संगणकाची पाटी बसवली की संगणकावरचे कोणतेही चित्र, बेडाच्या पूर्ण रुंदीत, २४ टाक्यांच्या बंधनाशिवाय विणता येते. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली ही युक्ती 'ऑल यार्न्स आर ब्युटिफुल' या नावाने खुली आहे. त्या मुलीला शिडी वळवायला काकूंनी शिकवले आणि ती काकूंना फोनवर आलेख काढायला शिकवते आहे.

हे सगळे गोड असले तरी त्रास सांगितलेच पाहिजेत. मशीन जड आहे आणि एक मीटरहून लांब आहे. रोज मांडायचे आणि रोज आवरायचे म्हटले तर चार दिवसांत उत्साह मावळतो, तेव्हा त्याला कायमची जागा हवी. आवाज बराच होतो, त्यामुळे दुपारी घरात कुणी निजले असेल तर विणता येत नाही. धाग्याची गाठ मास्टमध्ये अडकली आणि ते न पाहता कॅरेज पुढे नेली, तर आख्खी ओळ सुयांवरून खाली येते. माझे १४८ टाके असे एका झटक्यात पडले आणि ते पुन्हा चढवण्यात एक संध्याकाळ गेली. वजने वर सरकवायची राहिली की काठाचे टाके सुईवर साचून बसतात. कॅरेज मध्येच अडली तर जोर लावू नये, कारण त्या जोराने सुयांचे खांदे मोडतात. आणि पैशांचा विचार केला तर मशीन कधीच स्वस्त पडत नाही: १९०५ सालापासून भरत आलेल्या आमच्या व्यापार मेळ्यात हिवाळ्यात जे तयार स्वेटर मिळतात, ते माझ्या लोकरीच्या खर्चाहूनही कमी किमतीत येतात.

तरीही ज्यांना सलाईवर विणता येते, ज्यांच्या घरी एक मजबूत टेबल कायमचे मोकळे राहू शकते आणि ज्यांना हिशेब करायला आवडतो, त्यांनी हे मशीन जरूर घ्यावे. ज्यांना विणकाम मुळीच येत नाही त्यांनी आधी एक हिवाळा सलाया हातात घ्याव्यात. सलायांची विश्रांती हवी, गप्पा मारता मारता हात चालावा, अशी इच्छा असेल तर मशीन त्या कामाचे नाही. ते सगळे लक्ष मागते.

घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. जवळपास असेल तर स्वतः जाऊन पाहावे, लांबचे असेल तर चालत्या मशीनची चित्रफीत मागवावी, ज्यात कॅरेज दोन्ही दिशांनी फिरताना आणि पंचकार्डाने सुया निवडताना स्पष्ट दिसेल. एखादी सुई पुढे ओढून वरखाली हलवून दाखवायला सांगावी. ती डोलली तर स्पंज गेला असे समजून किमतीत घासाघीस करावी. पंच हत्यार, एक-दोन-तीन टाके उचलण्याची हत्यारे, लेस कॅरेज, सुरुवातीचे टाके धरण्याचा कंगवा, वजने आणि क्लॅम्प सोबत आहेत का ते नावे घेऊन विचारावे, कारण सुटे भाग शोधत बसण्यात महिने जातात. पार्सलने येणार असेल तर कॅरेज बेडवरून काढून वेगळी बांधायला सांगावी आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांना फोम घालायला लावावा.

माझा दुसऱ्यांदा बसवलेला फोम आता दीड वर्षाचा झाला आहे आणि मधल्या सुया किंचित डोलू लागल्या आहेत. येत्या शनिवारी पट्टी काढायची, असे काकूंनी सांगून ठेवले आहे. साटीनची फीत मी आजच आणून ठेवली.